भिंतीतलं कपाट रिकामं झालंय, तिथे बसून ध्वनिमुद्रण करता येईल का?

शाळेच्या बाई, डोंबिवली पूर्व

नमस्कार मंडळी. मापं आणि अडचणी आधीच सविस्तर देते, म्हणजे कुणाला पुन्हा विचारावं लागणार नाही.

आमचा फ्लॅट १९८६ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. रुंदी चार फूट, आतपर्यंत सव्वादोन फूट, उंची सात फूट, वर माळा. दोन पल्ल्यांचं दार. आत त्या काळी सगळीकडे घालायचे तसे कडप्प्याचे चार कप्पे. कपाटाच्या मागे न्हाणीघराची भिंत. मुलगी लग्न होऊन गेली, तिचं सामान तिने नेलं, उरलेलं मी वाटून टाकलं आणि कपाट पूर्ण मोकळं झालं. घरात ज्याला त्याला त्याचा उपयोग सुचतोय: वॉशिंग मशीन ठेवा, चपलांना करा, देवघर हलवा. मला तिथे वाचायला बसायचंय.

कारण सांगते. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. माझा एक विद्यार्थी आता इतिहासात एम. ए. करतोय. लहानपणी त्याला थोडं दिसायचं, पुढच्या बाकावर बसून फळा वाचायचा. आता जवळजवळ काहीच दिसत नाही. नवी पुस्तकं तो संगणकाकडून वाचून घेतो, त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अडतं ते जुन्या छपाईपाशी. ऐतिहासिक पत्रव्यवहाराचे खंड, झिजलेल्या खिळ्यांनी छापलेले, पानं पिवळी, जोडाक्षरं अर्धी उडालेली. स्कॅन करून संगणकाला दिलं की तो काहीतरी भलतंच वाचतो. शिवाय शक, तिथी, मुसलमानी महिने, ‘रा. रा.’ आणि ‘मु॥’ सारखी संक्षिप्त रूपं. हे माणसानेच वाचायला हवं, आणि मला ते वाचता येतं. मग मी का वाचू नये?

सध्या पलंगावर बसून मोबाइलवर मुद्रित करते. मागे मध्य रेल्वेचे रूळ, समोर शेजारणीचा कुकर, खिडकीत कबुतरं. त्याने कधी तक्रार केली नाही. मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “बाई, तुमचा आवाज स्वच्छ आहे, पण शब्द भिंतीवर आपटून परत येतात.”

तर विचारायचं हे. या कपाटात बसून वाचलं तर खरंच फरक पडेल का? दार लावून बसावं की उघडं ठेवावं? कडप्पे काढले तर भिंतीला धोका आहे का? आतून काय लावावं? बाजारात तो टोकाटोकांचा काळा फोम मिळतो, तो बरा की आणखी काही? पेन्शनमध्ये बसेल एवढंच करायचंय, पण करायचं तर नीट करायचंय. आणि एक वेगळीच शंका: असं पुस्तक वाचून त्याला देणं कायद्यात बसतं ना?

कानोसा, पुणे

बाई, मी ध्वनिमुद्रणाचंच काम करतो. तुमच्या विद्यार्थ्याने दोन शब्दांत नेमकं निदान केलंय.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. लोकलची धडधड अडवायला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, फट कुठेच नाही. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, खर्जातल्या आवाजाची एक लहर जवळजवळ साडेअकरा फूट लांब असते. तो गोधडीला किंवा फोमला अजिबात जुमानत नाही. तेव्हा रेल्वे थांबवायचा विचार सोडा. पण शब्द परत येतात ते कमी करणं घरच्या वस्तूंनी होतं, आणि तुम्हाला तेच हवंय.

दार उघडं ठेवा, आणि हे फक्त हवेसाठी सांगत नाही. दोन समोरासमोरच्या कडक भिंतींमध्ये ठरावीक सूर घुमतो. तुमचं कपाट आत सव्वादोन फूट, म्हणजे दार लावल्यावर मागची भिंत आणि दार यांच्यामध्ये साधारण २५० हर्ट्झ घुमणार. बाईमाणसाच्या बोलण्याची मूळ पट्टी १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे कपाट नेमका तुमचाच आवाज फुगवणार, आणि तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येणार. दार उघडलं की ती समोरासमोरची जोडीच मोडते. बाजूच्या दोन भिंतींमध्ये चार फूट अंतर, तिथे १४० हर्ट्झच्या जवळपास घुमेल. त्याला उतारा म्हणजे दोन्ही बाजूंना जाडजूड कपडे टांगा. कपाट पूर्ण रिकामं करू नका! कोट, शाली, स्वेटर, जुनी सुती लुगडी दुहेरी घडीने, सगळं उपयोगाचं.

बसायचं असं: खुर्ची कपाटाच्या तोंडाशी, तोंड आत, पाठ खोलीकडे, माइक आत, तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. आता लक्ष देऊन वाचा, कारण हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कार्डिओइड जातीचा माइक समोरचं ऐकतो आणि मागचं सोडून देतो. त्याच्या समोर तुम्ही आहात, आणि तुमच्या मागे अख्खी खोली आहे. त्यामुळे सर्वांत जाड थर तुमच्या पाठीमागे हवा. कपड्यांचा स्टँड मिळतो ना, त्यावर गोधडी किंवा घोंगडी टाकून खुर्चीच्या मागे उभा करा. वाचून झालं की घडी घालून ठेवता येतो.

घोंगडी मिळाली तर माझ्या मते तीच घ्या. मेंढीच्या लोकरीची, जाड, भरड, सच्छिद्र. आवाज शोषणाऱ्या वस्तूत हेच गुण लागतात. कापसाची जुनी गादीही उत्तम. काळा पातळ फोम घेऊ नका. तो वरच्या पट्टीतलं थोडं शोषतो आणि खालचं घुमणं तसंच ठेवतो, वर चटकन पेट घेतो आणि विषारी धूर करतो. वायर आणि दिवा असलेल्या कपाटात तो नको. अंड्यांच्या ट्रेचा सल्लाही कुणी देईल, त्याचा उपयोग नाही. पुढेमागे खर्च करावासा वाटला तर दोन इंच जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, लाकडी चौकटीत बसवून वरून मांजरपाट शिवून घ्या. ते जळत नाही. पण हाताळताना मास्क आणि हातमोजे घालायचे, आणि कापड घट्ट विणीचं हवं, नाहीतर तंतू बाहेर येतात.

मोबाइलच चालेल. एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही. साधा कॉलर माइक जोडला तरी मोठा फरक पडतो. संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आहे, त्यात अडखळणं-खोकणं कापता येतं. फाइल मोनो, एमपी३, ६४ केबीपीएस ठेवा. बोलण्याला तेवढं पुरतं, तासाला साधारण २९ एमबी होते, त्याच्या फोनवर सहज मावेल.

रंधा, कल्याण

कडप्प्याबद्दल मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. तुमच्या भागातल्या त्या काळच्या बऱ्याच इमारतींत कप्पे भिंतीत दीड-दोन इंच खाच करून, सिमेंटने भरून बसवलेत. हातोड्याने अजिबात काढू देऊ नका. मागे न्हाणीघर आहे, धक्क्याने तिकडच्या टाइल्स सुटतील, पाइप हलेल. ग्राइंडरने भिंतीलगत कापून घ्यायचे, आत राहिलेला तुकडा तसाच ठेवायचा, वरून प्लास्टर. इमारत आरसीसी, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभी असेल तर कप्पे काढल्याने काही होत नाही. पण कपाटाच्या बाजूची भिंत नऊ इंची असेल, किंवा कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला दिसत असेल, तर आधी सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवा. माळ्याच्या स्लॅबला हात लावायचा नाही. कापताना पाणी सोडत कापायला सांगा, नाहीतर घरभर धूळ, आणि ती धूळ छातीला वाईट.

सगळे काढायची गरज नाही. सर्वांत वरचा ठेवा, गाद्या-उशा ठेवायला. वर मऊ वस्तू असल्या तर कानोसा म्हणतात तसं डोक्यावरून परत येणारा आवाजही मरेल. मधले आणि खालचा काढा, पाय आत जायला हवेत.

ओल आधी तपासा. मागच्या भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल न्हाणीघरातून येतेय, आणि ते काम आधी. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर तो हवेतला दमटपणा. लोकरीला ओल लागली की वास येतो, मग कसर. म्हणून घोंगडी भिंतीला चिकटवू नका. एक इंची रिपा ठोका आणि त्यावर घोंगडी ताणून खिळवा. मागे हवा खेळते.

पुस्तक ठेवायच्या फळीला १८ मिमी प्लाय, न्हाणीघराची भिंत असल्यामुळे बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. वर सनमायका लावू नका, गुळगुळीत झालं की आवाज उसळेल. फेल्ट किंवा उरलेली घोंगडी चिकटवा. दारं काढायची नाहीत, दोन्ही पल्ले पूर्ण मागे पडतील असे बिजागर सुतार बदलून देईल. दिव्यासाठी नवा पॉइंट घेतलात तर केसिंग-कॅपिंग पट्टीतून वायर आणा, भिंत झिरीने खोदायला लावू नका. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी छोटी डबी, कपाटाच्या बाहेर ठेवा, काही ड्रायव्हर बारीक गुणगुणतात.

इन्व्हर्टरची बॅटरी तिथे ठेवायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बंद जागेत ती नको आणि माणूस बसतो तिथे तर नकोच.

मोगरा, नागपूर

मी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होते, तेव्हा भिंतींचं सोडून गळ्याचं सांगते. कपाटात कधी डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर आधी सगळं पुसून, दारं उघडी टाकून वारं लागू द्या. त्या वासात तासभर वाचलं की घसा धरतो. लोकरीला कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा.

कांजी केलेली साडी नेसून बसू नका, हाताच्या हालचालीबरोबर ती खसखसते. बांगड्या काढून ठेवा. पंखा बंद ठेवावा लागणार, म्हणून पहाटेची वेळ धरा. आमच्याकडे मे महिन्यात दुसरा इलाजच नसतो, आणि तुमच्याकडच्या दमट हवेतही नसावा. प्रकरण लांब असलं तर परिच्छेद संपला की थांबा, घोटभर कोमट पाणी प्या. दमलेला आवाज ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

सहा ठिपके, नाशिक

बाई, मी जन्मापासून पाहत नाही. माझं एम. ए. लोकांनी वाचून दिलेल्या पुस्तकांवर झालं. त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो.

आम्ही तुमच्या गतीने ऐकत नाही. मी पावणेदोन पटीने ऐकतो, परीक्षेच्या दिवसांत दुपटीने. वेग वाढवला की घुमणारी खोली खूप त्रास देते, कारण एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. ‘त’ की ‘थ’, ‘बाजी’ की ‘बापूजी’, हे कळत नाही. पत्रव्यवहारात तर नावंच महत्त्वाची. म्हणून कपाटाचा बेत मला मनापासून पटला. लोकलचं मात्र फार मनावर घेऊ नका. मागून गाडी गेली तर ते वाक्य पुन्हा वाचा आणि पुढे चला. मला गाडीचा आवाज चालतो, गिळलेला शब्द चालत नाही.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पृष्ठांक सांगा. वाक्य पानाच्या शेवटी तुटत असेल तर ते पूर्ण करून मग सांगा. प्रबंधात संदर्भ देताना पान लागतंच, आणि ते न सांगितलेलं ध्वनिमुद्रण कितीही स्वच्छ असलं तरी मला ते उद्धृत करता येत नाही. अगदी सुरुवातीला पुस्तकाचं नाव, संपादक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष. तळटीप आली की ‘तळटीप’ म्हणा, वाचा, ‘तळटीप समाप्त’ म्हणा. संपादकाने कंसात घातलेला शब्द आणि मूळ पत्रातला शब्द यांत फरक ऐकू यायला हवा, म्हणून कंस सांगा. जिथे छपाई उडालीय तिथे अंदाजाने वाचलंत तर तेही सांगा, ‘अक्षर अस्पष्ट, बहुधा अमुक’. नाट्य घालू नका, सम वाचा. भाव आम्ही आमचे लावतो.

प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करा आणि नावाच्या सुरुवातीला क्रमांक घाला: ००१, ००२. म्हणजे फोनवर ती ओळीने लागतात. पुढे कुणी मदत केली तर त्याचंच डेझी पुस्तक करता येईल, त्यात प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर उडी मारता येते.

कायद्याबद्दल निश्चिंत राहा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला शिक्षणासाठी, संशोधनासाठी वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याची त्यात मुभा आहे. शिवाय फार जुन्या खंडांचे हक्क संपलेलेही असतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते राहतात. फक्त हक्क शिल्लक असलेलं पुस्तक यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकू नका, त्याला ही मुभा नाही. एक पुस्तक पूर्ण झालं की वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडशी जरूर बोला. संस्था १९५२ पासूनची आहे. २०१६ साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. तुमच्या विद्यार्थ्याला लागतो तो खंड आणखी कुणाला तरी लागतच असणार.

शाळेच्या बाई, डोंबिवली पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा ठिपके, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि मग विद्यार्थ्याला फोनवरून वाचून दाखवलं. तो म्हणाला, पृष्ठांकाचं मी सांगणारच होतो, पण तुम्ही एवढं करताय त्यात आणखी कसं सांगू. आता त्याला बजावलंय, यापुढे संकोच करायचा नाही.

भिंतीवर प्लास्टिक लावून ठेवलं होतं, भिंतीकडची बाजू कोरडी निघाली. कडप्प्याचा वरचा कप्पा ठेवते, बाकीचे कापून घेते. बाजूची भिंत साडेचार इंची आहे, सोसायटीच्या माणसानेही पाहून हरकत नाही म्हटलं. सासूबाईंची घोंगडी माळ्यावर होती, ती उन्हात टाकलीय. पाठीमागे गोधड्या.

आता एकच प्रश्न, रंधा यांना. खंड जाड आहेत, सातशे-आठशे पानांचे. हातात धरून वाचलं तर मनगट भरून येतं. घरात पोथीचं जुनं सागवानी व्यासपीठ आहे, कात्रीसारखं उघडणारं. फळीवर ते ठेवलं तर चालेल का, की वेगळी तिरकी फळी करून घेऊ?

रंधा, कल्याण

व्यासपीठच ठेवा, फार छान वस्तू आहे. जाड पुस्तकाच्या दोन्ही बाजू त्यात आपोआप तोलल्या जातात, पाठीची शिवण ताणत नाही. तुमच्या जुन्या खंडांना तेच बरं. फक्त ते मांडी घालून बसणाऱ्यासाठी केलेलं असतं. टेबलाची नेहमीची उंची २९ इंच धरतात. तेवढ्या उंचीच्या फळीवर ते ठेवलंत तर पुस्तक तोंडासमोर येईल आणि माइकची वाट अडवेल. फळी खाली लागेल.

ती किती खाली ते मी इथून सांगत नाही. सुताराला बोलवा, कपाटाच्या तोंडाशी तुमची रोजची खुर्ची ठेवून बसा, विद्यार्थ्यासाठी वाचायचं तेच पुस्तक व्यासपीठावर उघडा आणि दोन माणसांना ते धरायला लावून मोठ्याने पानभर वाचा. मान न वाकवता अक्षरं स्पष्ट दिसतात त्या उंचीला भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. चष्मा वाचायचा लावा, चालायचा नको. फळीला पक्के लोखंडी कोन न लावता दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि ब्रॅकेट घ्या, म्हणजे पुढे उंची बदलावीशी वाटली तर तुमची तुम्हालाच बदलता येईल.